कोजागिरीला गच्चीवर काय वाजलं
(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली, ऑक्टोबर २०२५)

चेअरमन काका (ए-१०१): शुभ सकाळ. कालची कोजागिरी छान पार पडली, सर्वांचे आभार. तीन गोष्टी. चटया जिन्यात तशाच पडल्यात, ज्याच्या त्यानं न्याव्यात. दुधाचं मोठं पातेलं सापडत नाहीये, काठावर नाव कोरलेलं आहे. आणि पुढच्या वेळी स्पीकर कुणाच्या ताब्यात द्यायचा ते मीटिंगमध्ये बोलू.

शुभांगी काकू (ए-२०३): पातेलं माझ्या सासूबाईंचं आहे हो, पितळी, कल्हई केलेलं. कुणी नेलं असेल तर सांगा, रागवणार नाही

विकास (सी-२०२): तिसरा मुद्दा ओंक्यासाठी आहे 😂

शुभांगी काकू: ओंकार राग नको मानूस पण चंद्राला दूध दाखवायच्या वेळेला ते काय लावलेलंस रे, एक माणूस दम दिल्यागत बोलतोय आणि मागं नुसतं ढम ढम

ओंकार (बी-४०२): काकू तो दमच देतोय, तुम्ही बरोबर ओळखलं. केंड्रिक लमार म्हणून अमेरिकन रॅपर आहे, त्याचा जीएनएक्स अल्बम, गेल्या नोव्हेंबरात कुणाला एक शब्द न सांगता टाकला. पण तुम्ही वेलदोडे सोलत होता तेव्हा सुरुवातीला एक बाई गात होती, ती ऐकलीत का? ती देयरा बरेरा, मारियाची म्हणजे मेक्सिकन लोकसंगीत गाते. बेसबॉलच्या फायनलला मैदानावर गाताना यानं तिला ऐकलं आणि अल्बमची सुरुवातच तिच्या आवाजानं केली. हा कॉम्प्टनचा, लॉस एंजेलिसला लागूनच, तिकडं मेक्सिकन लोक गल्लोगल्ली आहेत, त्यामुळं ती बाई तिथं शोभते. आपल्याकडं स्टुडिओत बसून "जरा फोक टच टाकूया" म्हणत तुतारी घालतात तसं वाटत नाही

विकास: जीएनएक्स म्हंजे ती गाडी ना रे, ब्यूकची

ओंकार: हो दादा, १९८७ चं मॉडेल, ५४७ च बनल्या. केंड्रिकचा जन्म पण त्याच सालचा

विकास: वडलांची राजदूत हाय की आमच्याकडं पार्किंगला, काढ म्हणावं एक अल्बम तिच्यावर

चेअरमन काका: त्या राजदूतचं तेल गळतंय, आधी ते बघा.

मृण्मयी (ए-३०१): दादा टेलर स्विफ्ट का नाही लावलीस, मी तीनदा मेसेज केला!! नवीन अल्बम शुक्रवारीच आलाय

ओंकार: ऐकला गं, दोनदा ऐकला. बारा गाणी, मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक परत आणलेत, म्हणजे तिची मोठी मोठी पॉप गाणी ज्यांनी घडवली ते दोघं, त्यामुळं मी पण आशेनं बसलेलो. पहिलं ओफीलियाचं गाणं झकास, ते दिवसभर डोक्यात राहतं, मान्य. पुढं मात्र असं वाटत राहतं की जगातली सगळ्यात मोठी गायिका मला सांगायलीय की ती जगातली सगळ्यात मोठी गायिका आहे आणि लोक तिच्यावर जळतात. अगं माहितीय की. एक मार्क मात्र देतो, यावेळी बारावर थांबली. मागच्या वर्षी १६ गाण्यांचा अल्बम आला आणि दोन तासांनी अजून १५ टाकली, ३१ झाली. म्हणजे पाहुणा ढेकर देऊन हात धुवायला उठलाय आणि त्याला धरून परत पाटावर बसवायचं

मृण्मयी: पहिल्या एका दिवसात अमेरिकेत २७ लाख विकला गेलाय तो. २७ लाख लोक काय वेडे आहेत का

ओंकार: एकाच अल्बमची किती वेगवेगळी कव्हरं काढलीत बघ. तू पण चार घेतली असतीस बाबांनी पैसे दिले असते तर

मृण्मयीचे बाबा (ए-३०१): नाही देणार.

मृण्मयी: आणि लांब अल्बम तुला चालत नाहीत ना, मग बियॉन्सेचा काउबॉय कार्टर अल्बम कसा चालतो? २७ ट्रॅक आहेत त्यात. तूच गणपतीत कौतुक करत होतास

ओंकार: पकडलंस. २७ ट्रॅक, पाऊण तासाच्या वर अजून अर्धा तास, आणि त्यातले पाच-सहा मी पण पुढं ढकलतो. तरी आवडतो. ती ह्यूस्टनची, टेक्सासची, घोडे, काउबॉय, कंट्री गाणी हे सगळं लहानपणापासून बघितलेलं, आणि लोक म्हणायचे की हे काळ्यांचं संगीतच नव्हे. तर तिनं भांडून आपला हिस्सा मागितला, जसा वाटणीत मागतात तसा. त्या भांडणात गाणी वाढली तर मी समजू शकतो. म्हणजे लांबीचा माझा नियम बाद, चल. मला एवढंच बघायचं असतं की हा माणूस कुठला आहे ते गाण्यात ऐकू येतंय का. टेलरच्या नव्या अल्बममध्ये मला फक्त हॉटेलच्या खोल्या ऐकू येतात

मृण्मयी: 🙄

ग्रुप ॲडमिन (बी-२०१): सुप्रभात. झेंडूच्या फुलासारखे हसत रहा 🌼🌼

विकास: ॲडमिन साहेब जरा वर वाचा, इथं गंभीर चर्चा चाललीय

विकास: ओंक्या ते केंड्रिक आन त्या दुसऱ्या रॅपरचं, ड्रेकचं, गाण्यातलं भांडान म्हंजे आपला कलगीतुराच की. पठ्ठे बापूरावांच्या जिल्ह्यातल्या मानसाला काय त्याचं नवल

ओंकार: दादा सगळे असंच म्हणतात, मी पण म्हणायचो, पण नाही जुळत. कलगीतुऱ्यात दोन्ही फड समोरासमोर बसतात, एकानं कूट घातलं की दुसऱ्यानं तिथंच सोडवायचं, नाही सुटलं तर गावासमोर फजिती. आणि सकाळी दोन्ही फड एकाच पंगतीला जेवतात. इथं एक कॅलिफोर्नियात, एक कॅनडात, गाणी इंटरनेटवर, आणि शेवटी ड्रेक जानेवारीत कोर्टात गेला, ते पण केंड्रिकवर नाही, दोघांची गाणी काढणाऱ्या कंपनीवर. शाहीर कधी कोर्टात गेलाय का? आणि खरं सांगू, ते ड्रेकवरचं गाजलेलं गाणं, ज्याला पाच ग्रॅमी मिळाले, ते जीएनएक्समध्ये नाहीच. मला तेच आवडलं. भांडण जिंकला आणि अल्बममध्ये त्याचा हार घालून फिरला नाही. मधे सिझा नावाच्या गायिकेबरोबर 'लूथर' गाणं आहे, त्यात १९८२ सालचा लूथर वँड्रॉस या गायकाचा जुना आवाज मागं ठेवलाय, काल काकूंनी मान डोलवली ती त्यालाच

शुभांगी काकू: मी डास हाकलत होते

नाना (बी-१०१): चि. ओंकार, सर्वात शेवटी डफासारखे काही वाजत होते व बरेच लोक घोळक्याने गात होते. मी जिना उतरत होतो म्हणून नीट ऐकू आले नाही. ते काय होते?

ओंकार: नाना नमस्कार. मला वाटलं तुम्ही कधीच झोपलात. ते बॅड बनी. नाव वाईट सशाचं आहे, हसू नका. पोर्तो रिको बेटावरचा, सगळं स्पॅनिशमध्ये. अल्बम जानेवारीत आला, नावाचा अर्थ साधारण "अजून फोटो काढून ठेवायला पाहिजे होते". कव्हरवर माणूस नाही, केळीच्या झाडांपुढं दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, डिट्टो आपल्या वॉचमनच्या केबिनबाहेरच्या. तुम्ही ऐकलं त्या प्रकाराला प्लेना म्हणतात, हातात धरायचे लहानमोठे तीन डफ, एक ठेका धरून ठेवतो, एक मधे उत्तर देतो आणि सगळ्यात लहान असतो तो मनाला येईल तसा उडतो. हा माणूस खरं तर रेगेटॉनवाला, नुसत्या कॉम्प्युटरच्या ठेक्यावर जग जिंकलेला, त्याला याची काय गरज होती? पण यानं तिथल्या संगीत शाळेतली पोरं बोलावली आणि साल्सा त्यांच्याकडून वाजवून घेतला. शिकाऊ पोरं! तुम्ही ऐका, पितळी वाद्यं जरा जास्तच जोरात येतात, पहिल्यांदा मोठ्या कार्यक्रमाला उभं राहिलेल्या पोरांसारखी. ते साफ करून टाकलं नाही ते बरं झालं. बेटावर बाहेरचे लोक जागा घेतात आणि तिथली पोरं अमेरिकेला जातात, त्याचं दुःख आहे सगळं, पण नाचायला लावतं. या उन्हाळ्यात त्यानं घरच्या घरीच ओळीनं कार्यक्रम केले आणि पहिल्या नऊ कार्यक्रमांना तिकीट फक्त बेटावर राहणाऱ्यांना. यंदाच्या सगळ्या अल्बममध्ये माझा एक नंबर हाच, त्याला जवळपास पण कोण नाही

नाना: चामड्याचा आहे की प्लास्टिकचा? आवाज कोरडा आला.

ओंकार: ते बघावं लागंल नाना. स्क्रूनं ताणायचे असतात हल्ली

नाना: तरीच. हलगी शेकोटीवर तापवली की कातडे ओढते व टाळी वाजल्यासारखा कडाका निघतो. स्क्रूने ताणलेले एकसारखे राहते पण त्यात चढउतार नाही. आमच्याकडे मिरजेला तंबोऱ्याच्या तारेखाली घोडीवर सुताचा धागा सरकवतात, गव्हाच्या दाण्याएवढा पुढेमागे झाला तर जवारी, म्हणजे तारेची गुंज, उघडते किंवा मरते. तो धागा कुठे ठेवायचा हे कुणी मोजून सांगत नाही. तू म्हणालास ती पोरे जोरात फुंकत होती, तसेच ते. ठेवले ते चांगले केले.

विकास: नाना तुम्ही अल्बम काढा 🙏

ओंकार: नाना हे तुम्ही आधी का नाही सांगितलं, मी तीन वर्षं तुमच्या डोक्यावर राहतोय

नाना: तू विचारले नाहीस. शिवाय तुझा ढम ढम आवाज खाली आमच्या माळ्यावरच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यांत घुमतो. वाईट नाही. खर्ज आहे.

शुभांगी काकू: नाना तुम्हीच त्याला चढवा अजून. ओंकार मराठी काहीच नव्हतं का तुझ्याकडं

ओंकार: काकू तांबडी चामडी तीनदा लावलं, पोरांनी लावायला लावलं, तुम्ही स्वतः फुगडी घातलीत त्यावर. क्रेटेक्स आणि श्रेयसचं, २०२४ चं, मजा आहे त्यात, हाऊसच्या, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या ठेक्यावर मराठी एवढं फिट्ट बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. गुलाबी साडी पण झालं. पण ही सुटी गाणी झाली हो. रीलला तीस सेकंद पुरतात आणि मग पुढचं. चाळीस मिनिटं बसवून ठेवणारा, इथला वास येणारा अल्बम दाखवा मला. रॅप करणारी पोरं आपल्या बाजूची पण आहेत, पण माईक हातात आला की एकदम मुंबईची होतात, "करायलोय", "आलतो" हे सगळं घरी ठेवून येतात. अण्णाभाऊ वाटेगावचे, मुंबईत चिरागनगरला राहून लिहायचे तरी शब्दाला वारणेकाठची माती लागलेली असायची. हनुमानकाइंड केरळचा, वाढला टेक्सासला, इंग्रजीत रॅप करतो, आणि यंदाच्या 'रन इट अप'मध्ये त्यानं चेंडा, म्हणजे तिकडचा ढोल, वापरलाय आणि व्हिडिओत मर्दानी खेळ दाखवलाय. मर्दानी खेळ! आपला! ते बघायला आम्हाला केरळचा माणूस लागला. त्याचा जुलैमधला मॉन्सून सीझन अल्बम मात्र मला तुकड्यातुकड्यांतच आवडला, पाहुणे कलाकार एवढे आलेत की यजमान कुठं दिसंना

मृण्मयी: दादा टायलरचं पण सांग ना, ज्याच्यावर आपण नाचलो

ओंकार: टायलर द क्रिएटर, हा पण अमेरिकन रॅपर. मागच्या वर्षीच्या क्रोमाकोपिया अल्बममध्ये त्याची आई मधे मधे बोलते, खरीखुरी आई, उपदेश करते, बाहेर स्वतःचा उजेड कमी करू नको वगैरे, आणि तो तिचं ऐकत नाही. ते भाग फार छान, उरलेल्यात थोडं पाणी आहे. यंदा जुलैत दुसराच टाकला, २८ मिनिटांचा, नुसता नाचायला. त्याचं म्हणणं असं की मित्र लोकांत नाचत नाहीत कारण कोणतरी मोबाईल काढून शूट करेल. म्हणून त्याच्या पार्टीत मोबाईल बंद

मृण्मयी: काल शुभांगी काकूंच्या फुगडीचे ११ व्हिडिओ आलेत ग्रुपवर

शुभांगी काकू: डिलीट करा सगळ्यांनी. आत्ता.

शुभांगी काकू: आणि ओंकार, मधे एक आलं ते मला आवडलं, खरंच. मागं चर्चमध्ये गातात तसे आवाज होते. कळलं काही नाही पण हातातली पळी थांबली

ओंकार: काकू ते क्लिप्स. दोन सख्खे भाऊ, सोळा वर्षांनी एकत्र अल्बम केला, जुलैत आला. एरवी त्यांची सगळी गाणी धंद्याची, गुन्हेगारीची, ऐकून मजा येते पण घरी अर्थ सांगायला नको. हे पहिलं गाणं वेगळं आहे. आईवडील चार महिन्यांच्या अंतरानं गेले. धाकटा आईबद्दल बोलतो, शेवटचं बोलणं काय झालं ते. मग थोरला वडलांकडं जातो, गाडी दारात उभी आहे म्हणजे घरीच आहेत, दार वाजवतो, परत वाजवतो, तिसऱ्यांदा वाजवतो. एवढंच. रडत नाही, ओरडत नाही, जसं आपण कुणाला फोनवर सांगतो तसं सांगतो. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचं हिप-हॉप असं असणार असेल तर मला म्हातारं व्हायला हरकत नाही. बाकी अल्बम तेवढा नाही, त्यांचं संगीत करणाऱ्या फॅरेलचे काही ठेके मला चकचकीत वाटले, शोरूमच्या फरशीसारखे, पण या एका गाण्याला सगळं माफ

शुभांगी काकू: हं

शुभांगी काकू: पातेलं खरंच कुणाकडं असेल तर सांगा हो. सासूबाई दरवर्षी त्यातच आटवायच्या, तळाला एक ठोका आहे त्यावरनं ओळखू येतं

चेअरमन काका: सी विंगमध्ये विचारलं, नाही. वॉचमनकडे नाही.

नाना: चि. ओंकार, ते दोन भावांचे गाणे रात्री नऊला ऐकवशील का. वर येतो. जिना हळू चढेन.

ओंकार: नाना मी खाली येतो स्पीकर घेऊन, तुम्ही नका चढू

नाना: नको. खाली भोपळे घुमतात, नीट ऐकू येणार नाही. आणि एक. सूनबाईंनी काल चुकून मोठे पातेले आपले समजून आणले असे दिसते. आत्ता पाहिले, तळाला ठोका आहे. त्यात भडंग कालवून ठेवलेय.

शुभांगी काकू: नाना!!! कल्हईच्या पातेल्यात लसूण चटणीचं भडंग???

विकास: काकू भडंग सगळ्यांना वाटा आता

नाना: नऊला पातेल्यासकट येतो. भडंग ओंकारकडे उतरवू.

चेअरमन काका: पातेलं सापडलं. विषय बंद. बी विंगची मोटर कुणी चालू ठेवलीय, टाकी वाहतीय.