मदत हवी आहे: पावसाळ्यात कुंडीतील कोथिंबिरीची रोपे मातीलगत कोलमडतात

कोल्हापुरात घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखालील कुंड्यांत मी धण्यांपासून कोथिंबीर लावत आहे. धणे हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग केले, रात्रभर पाण्यात भिजवले आणि साधारण 1 सेंटिमीटर खोल पेरले. उगवण चांगली होते, त्यामुळे बियाण्याविषयी शंका नाही. मात्र पहिली खरी पाने फुटण्याच्या सुमारास देठ मातीलगत पाणचट व बारीक होऊन रोपे आडवी पडतात. ही लक्षणे मला बुरशीजन्य मर रोगाची वाटतात.

तांबडी माती, कोकोपीट आणि पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात घेतले आहे, कुंड्यांची छिद्रे मोकळी आहेत, पाणी वरची माती सुकल्यावर फक्त सकाळीच देते आणि पेरणीही विरळ करून पाहिली. तरीही जुलै-ऑगस्टच्या संततधारेतील दमट हवेत फरक पडलेला नाही. पाने कच्चीच खाल्ली जात असल्याने रासायनिक बुरशीनाशक अजिबात वापरायचे नाही.

अशा स्थितीत ट्रायकोडर्माची (रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची) पावडर पेरणीपूर्वी धण्यांना चोळावी, की ओलसर शेणखतात मिसळून काही दिवस मुरवून मग मातीत घालावी? आणि कडक ऊन मिळत नसताना, रोपे पडलेल्या कुंडीतील तीच माती घरच्या घरी निर्जंतुक करून पुन्हा वापरता येईल का?