तेजसला मुद्दाम अस्थिर करायची गरज होती का?

होटगीरोडकर
मंडळी, वाद चहाच्या टपरीवर सुरू झाला, तिथे मिटला नाही, म्हणून इथे आणलाय. सोलापूरच्या गड्डा यात्रेआधीचा नंदीध्वज (यात्रेतली उंच काठी) पेलण्याचा सराव बघून मी आणि पुतण्या परत येत होतो. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. म्हणाला, "काका, आपलं तेजस लढाऊ विमान असंच उडतंय. सोडलं की कलणार, पण आतलं कुणीतरी सारखं सावरतंय." मी म्हटलं, मग मुळात कलणारी काठी घ्यायचीच कशाला बे? खांब रोवा की सरळ!

माझं मत स्पष्ट आहे. तेजस मुद्दाम अस्थिर ठेवणं ही त्या काळात आपल्याला न परवडणारी हौस होती. १९८३ मध्ये प्रकल्पाला मंजुरी, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, स्क्वाड्रन उभं राहिलं १ जुलै २०१६ ला. तिकडे स्थिर घडणीचं मिग-२१ कंट्रोल लॉ (विमान सावरायचे संगणकातले नियम) वगैरे काही नसताना १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत राबलं. आणि चपळाईला अस्थिरता लागतेच असंही नाही. अमेरिकेचं एफ-१५ मुळात स्थिर विमान आहे. शंभरावर विमानं पाडली आणि हवाई लढतीत स्वतः एकही गमावलं नाही, असा त्याचा हिशोब सांगतात. आता तर समोरचा डोळ्यांना दिसायच्या आधीच क्षेपणास्त्र सुटतं. गिरक्या मारून दाखवायच्या कुणाला?

पटत नसेल तर खोडून काढा. फक्त देशभक्तीचे डोस नकोत.

शेंगाचटणी
खांब रोवला तर मिरवणूक कशी निघणार ओ काका? अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला काय खांब चालत जाणार?

एलेव्हॉन
वरचा विनोद वाटतोय, पण उत्तर तिथेच आहे.

होटगीरोडकर, "अस्थिरता म्हणजे गिरक्या" असं धरून चाललात, तिथेच गाडी रुळावरून उतरली. गिरकीचा फायदा आहेच, पण तो अर्धाच हिशोब. स्थिर विमानात गुरुत्वमध्य पुढे आणि उचल जिथे एकवटते तो बिंदू मागे. त्यामुळे नाक सतत खाली जायला बघतं. ते वर धरायला मागची शेपटी खाली दाबावी लागते. म्हणजे पंख विमानाचं वजन उचलणार, वर शेपटीचा हा दाबही उचलणार. बैलगाडीत मागे एकाला लोंबकळत ठेवून बैलांना हाकण्यातला प्रकार. आता ध्वनीच्या वेगापुढे गेलात की तो उचलीचा बिंदू आणखी मागे सरकतो. आधीच स्थिर असलेलं विमान मग हट्टी होतं, नाक वर घ्यायला आणखी जोर, तितकीच जास्त ओढ, तितकंच जास्त इंधन. आधीपासून थोडं अस्थिर ठेवलं तर त्या वेगात ते बेताचं स्थिर होतं. क्षेपणास्त्र लांबून सोडायचं असेल तरी तिथवर वेगाने पोचायचं आहे ना? टाकीतल्या तेलातच?

आणि तेजसला मागची आडवी शेपटीच नाही, नुसता डेल्टा, म्हणजे त्रिकोणी पंख. याची दोन रूपं फ्रान्सने आपल्यासमोर ठेवली आहेत. मिराज-३ स्थिर होतं. उतरताना नाक वर धरायचं तर पंखामागच्या एलेव्हॉन पट्ट्या वर वळवायच्या, म्हणजे नेमकी उचल हवी तेव्हाच ती कमी करायची. म्हणून ते धावपट्टीवर फार वेगात यायचं. १९७८ ला उडालेलं मिराज-२००० दिसायला त्याचा भाऊच, पण गुरुत्वमध्य मागे आणि मध्ये फ्लाय-बाय-वायर, म्हणजे स्टिक आणि पट्ट्यांमध्ये विजेवर चालणारी सावरणारी यंत्रणा. तीच पट्टी आता खाली वळून उचल वाढवते. पंखाच्या पुढच्या कडेलाही सुधारणा होत्या, सगळं श्रेय अस्थिरतेला देत नाही. पण कारगिलमध्ये आपण वापरलं ते कुठलं, हे तुम्हाला सांगायला नको.

एफ-१५ चं म्हणाल तर दोन इंजिनं, भलामोठा पंख आणि रिकामं वजन तेजसच्या जवळपास दुप्पट. एवढी पैलवानकी असेल तर शेपटीचा दाब सोसता येतो. आपल्याकडे एक इंजिन, तेही बाहेरचं.

यंत्रमाग
मला विमानातलं कळत नाही, कारखान्यातलं कळतं. मागावर ताण्याचा एक धागा तुटला की पत्ती पडते आणि माग जागेवर थांबतो. चादर वाचते. हे विमान आभाळात थांबणार कुठे? संगणकाने डोळा मिटला तर?

आणि हे नुसतं भीतीपोटी नाही. स्वीडनचं ग्रिपेन फेब्रुवारी १९८९ ला उतरताना आपटलं, ऑगस्ट १९९३ ला स्टॉकहोममध्ये लोकांदेखत परत कोसळलं. १९९२ ला अमेरिकेचं वायएफ-२२ धावपट्टीवर आदळलं. वैमानिक स्टिक एकीकडे ओढतोय, संगणक दुसरीकडे सावरतोय, दोघांची लय चुकली. हे सगळे श्रीमंत देश. होटगीरोडकर "न परवडणारी" म्हणतात ते मला पटतं.

एलेव्हॉन
यंत्रमाग, मुद्दा खरा आहे, टाळत नाही. अमेरिकेच्या एफ-१६ चं पहिलं उड्डाण तर ठरलेलंच नव्हतं. २० जानेवारी १९७४ ला नुसतं जमिनीवर जोरात पळवून बघत होते. स्टिक इतकी नाजूक, की विमान डावी-उजवीकडे डोलायला लागलं, शेपटी जमिनीला घासली. वैमानिकाने ठरवलं, खाली राहण्यापेक्षा वर बरं. सहा मिनिटं उडवून सुखरूप उतरवलं.

पण म्हणूनच तेजसमध्ये सावरणाऱ्या संगणकाच्या चार समांतर वाहिन्या आहेत. एक वेगळं बोलायला लागली की बाकीच्या तिघी तिला गप्प करतात. आणि २००१ पासून स्क्वाड्रनमध्ये जाईपर्यंत एकही तेजस पडलं नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्या लोकांना परत पाठवलं, सामान अडकवून ठेवलं, तरीही. तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं तेजसच्या चमूसमोर आधीच होती, हे विसरू नका.

तिसरंवर्ष
मीच तो पुतण्या. काकांनी माझं उदाहरण इथे आणलं, पण ते थोडं चुकलंय, माझंच.

नंदीध्वज उंच असतो म्हणूनच पेलता येतो. तीस फूट धरून गणित केलं, तर कलणं दुप्पट व्हायला अर्धा सेकंद लागतो. माणसाचा हात हलायला सुमारे पाव सेकंद. म्हणजे वेळ पुरतो. सरावात बघा, पेलणारा पायाकडे बघतच नाही, नजर टोकावर, आणि पाय वीतभरच सरकतो. आता पंधरा सेंटिमीटरची पेन्सिल बोटावर उभी करून बघा. तिचं कलणं सात शतांश सेकंदात दुप्पट होतं. तुम्ही बघेपर्यंत ती खाली. लढाऊ विमान ध्वजापेक्षा पेन्सिलीच्या जवळ आहे. अमेरिकेच्या एक्स-२९ या प्रायोगिक विमानात संगणक सेकंदाला चाळीस वेळा दुरुस्ती करायचा. कितीही पट्टीचा वैमानिक आणा, ते हाताने होत नाही.

होटगीरोडकर
मिराजचं उदाहरण बिनतोड आहे. शेपटी नसलेला डेल्टा घ्यायचा तर अस्थिर ठेवणं आलंच, हे मान्य. "हौस" हा शब्द मागे घेतो.

पण वेळेचं सोडत नाही. मिराज-२००० आणि सुरुवातीचं एफ-१६ दोन्ही ॲनालॉग यंत्रणेवर उडत होती. मिराज बनवणाऱ्या दासो कंपनीने आपल्याला तीन डिजिटल वाहिन्या आणि आधाराला एक ॲनालॉग देऊ केली होती. आपण म्हटलं, नको, चारही डिजिटलच. मग १९९२ ला कंट्रोल लॉचा चमू बसवला, एफ-१६ वर अमेरिकेत जाऊन तपासणी, मग निर्बंध. म्हणजे काठी पेलायचीच होती, पण पहिल्याच वर्षी यात्रेतले सातही नंदीध्वज एकट्याने?

गल्लीतला_टीकाकार
उशीर इंजिनाने झाला, अस्थिरतेने नाही. आपलं जुनं लढाऊ विमान मारुत आठवा. १९६१ ला उडालं, जर्मन अभियंता कुर्ट टँकची घडण, साधं स्थिर विमान. इंजिन कमजोर, तिथेच बसलं.

शेंगाचटणी
विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी कुणी काढली यावर धागा आहे ना, तिकडे पण चारच वाहिन्या भांडतायत 😄

एलेव्हॉन
इकडेच थांबा ओ, चिमणी नको.

होटगीरोडकर, दासोबद्दल खरं सांगतो. तेव्हा मी त्या खोलीत असतो तर बहुतेक घेतली असती ती यंत्रणा. पण ॲनालॉगमध्ये नियम सर्किटात बांधलेले असतात. पंखाखाली वेगळं क्षेपणास्त्र टांगलं, वजन सरकलं, की सोल्डरिंग काढा. डिजिटलमध्ये प्रोग्रॅम बदलायचा. म्हणून एफ-१६ सुद्धा १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्लॉक ४० या आवृत्तीपासून डिजिटलवर गेलं. मारुतचं म्हणणं मात्र माझ्याच बाजूने आहे, टीकाकार, धन्यवाद.

होटगीरोडकर
"बहुतेक घेतली असती" हे लेखी मिळालं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

तिसरंवर्ष
काका, स्क्रीनशॉट ठेवा. पण रात्री साडेअकरापर्यंत तुम्ही ओट्यावर पेन्सिल उभी करत होता, ते काकू सांगत होती. उभी राहिली का?

होटगीरोडकर
खराट्याचा दांडा जमला. विचारू नकोस पुढचं.