सल्ला हवा: अमेरिकेत मॉडेल ट्रेन घ्यायचीय, पण पुण्यात परत गेल्यावर चालली पाहिजे

बोगदा_नंबर_२५:
मंडळी नमस्कार. न्यू जर्सीत एडिसनला असतो, पुढच्या वर्षी लेकीचं शाळेचं वर्ष संपलं की गाशा गुंडाळून पुण्याला परत जायचं पक्कं आहे. मॉडेल ट्रेनची हौस लहानपणापासूनची पण तेव्हा परवडत नव्हतं, नंतर वेळ नव्हता, आता लेक आठ वर्षांची झाली आणि खंडाळा घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचे व्हिडिओ माझ्यापेक्षा तीच जास्त बघते त्यामुळे घरातून परवानगी मिळालीय :)

घोळ असा आहे की इथे १२० व्होल्ट, तिकडे २३०. ऑफिसातला एकजण म्हणतो प्लगला कन्व्हर्टर लावला की झालं. तसं असतं का? शिवाय मोठ्या मापातलं एचओ घेऊ का छोट्या मापातलं एन हेच ठरेना. डोक्यात तीन पर्याय आहेत, बाखमनचा एचओ स्टार्टर सेट, काटोचा एन सेट, किंवा बायको कामासाठी जर्मनीला जाणार आहे तर तिथून मार्कलिन. बजेट ४०० डॉलरच्या आत. पुण्यातला फ्लॅट टूबीएचके आहे, म्हणजे कायमचं टेबल मांडून ठेवता येईल असं नाही. भारतीय इंजिन मिळालं तर सोन्याहून पिवळं.

ओव्हरहेड_वायर:
त्या ऑफिसवाल्याला सेटच्या आसपास फिरकू देऊ नका. प्लगचा कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेवढंच पुढे जातं.

आता नीट सांगतो. रुळांना अमेरिका काय आणि भारत काय, काही कळत नाही, साध्या सेटमध्ये त्यांना १२ व्होल्टच्या आसपास डीसी मिळाला की इंजिन पळतं. देश कळतो तो फक्त भिंतीत खुपसायच्या ठोकळ्याला. तेव्हा सेट कुठलाही घ्या पण दुकानात किंवा साइटवर त्या ठोकळ्यावरची बारीक अक्षरातली ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलं असेल तर विषय संपला, पुण्यात प्लगची पिन बदला आणि चालवा. नुसतं १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर तो ठोकळा इथेच कुणाला तरी देऊन टाका. हातात घेतल्यावर जड लागला तर आत लोखंडाचा ट्रान्सफॉर्मर असतो, तो २३० वर लावला की बाहेर जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं आणि थोड्या वेळात आतला थर्मल फ्यूज उडतो, तेही नशीब चांगलं असेल तर, नाहीतर आधी कंट्रोलर जातो.

स्टेप डाउन (२३० चं १२० करणारा) लावून चालेल का असं आता कुणीतरी विचारेलच. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाला खरा स्टेप डाउन असेल तर व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, हर्ट्झ मात्र ५०च राहतात. ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. आणि प्रवासात हेअर ड्रायरसाठी म्हणून जे हलके कन्व्हर्टर विकतात ते तर अजिबात नकोत, ते लाट कापून देतात, ट्रान्सफॉर्मरला आणि इलेक्ट्रॉनिक्सला दोन्हीला वाईट. आठ वर्षांचं मूल हात लावणार आहे, तेव्हा हा जुगाडच नको. एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा पुण्यात नवा अडॉप्टर घ्या, पाच-सातशे रुपयात काम होतं.

यामानोते_लूप:
वरच्या प्रतिसादाला +१. मी तोक्योत असतो त्यामुळे एनच्या बाजूने बोलणार हे उघड आहे, पण तुमच्या टूबीएचकेचं गणित बघा. एचओ म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिमी. बाखमनच्या सेटमधली १८ इंच त्रिज्येची वळणं घेतली तर ओव्हल ४७ बाय ३८ इंच होतो, म्हणजे जवळपास एक मीटर रुंदी, आणि त्यात गाडी स्वतःचीच शेपटी पकडायला निघाल्यासारखी दिसते. एन म्हणजे साधारण १:१६०, रूळ ९ मिमीचा, काटोच्या नेहमीच्या ओव्हलची त्रिज्या ३१५ मिमी, ७० सेंमी रुंदीत बसतो आणि वर लांबीला तुमच्या पलंगाएवढी जागा मिळाली तर सात-आठ डब्यांची गाडी शोभून दिसते. अमेरिकेत बरेच एनवाले पोकळ फ्लश डोअर विकत आणून त्यावरच लेआउट करतात. हलकं, सरळ, उभं करून कपाटामागे ठेवता येतं. पुण्यातही फ्लश डोअर कुठल्याही प्लायवुडवाल्याकडे मिळेल.

काटोचा युनिट्रॅक मांडायला आणि मोडायला सोपा, क्लिक क्लिक करून जोडायचा, रुळाखाली खडीचा पाया आधीच असतो. जागा कायमची नसेल तर याच्यासारखं काही नाही.

आता खरेदी. जपानातून मागवायचं असेल तर दोन गोष्टी. एक, इथे १०० व्होल्ट, पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, त्यामुळे हर्ट्झ दोन्ही चालतात पण नुसतं १०० व्होल्ट लिहिलेला पॅक (तोच ठोकळा) तुमच्या एडिसनच्या १२० लाही लावू नका, पुण्याचं तर सोडाच. गाड्या आणि रूळ जपानातून घ्या, पॅक घेऊ नका. दुसरं म्हणजे अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालीय. शिपिंग अधिक ड्युटी अधिक कुरियरवाल्याची फी धरली तर छोट्या ऑर्डरला नाकापेक्षा मोती जड. अमेरिकन गाडी हवी असेल तर काटोची अमेरिकन शाखा इलिनॉयमध्ये आहे, तिथलाच माल घ्या. जपानी हवी असेल तर कुणी येणारं-जाणारं बघा.

लेकीला बुलेट ट्रेन आवडत असेल तर ई५ शिंकान्सेन घ्या, मुंबई-अहमदाबादसाठी आधी जी ठरली होती तीच. शिंकान्सेन १:१६० मध्ये येते, बाकी जपानी गाड्या १:१५०, शेजारी उभ्या केल्या की जाणकाराला कळतं, मुलांना घंटा फरक पडत नाही.

चहा_खारी:
मुलीसाठीच असेल तर एवढं कशाला? भारतात बॅटरीवरच्या ट्रेन मिळतात की हजार-दोन हजारात.

यामानोते_लूप:
@चहा_खारी मुलीसाठी आहे असं फक्त घरी सांगायचं असतं.

ष्टुटगार्टवाली:
मार्कलिनबद्दल मी लिहिते, कारखान्याचं गाव गोपिंगेन आमच्यापासून लोकलने जवळ आहे आणि सासरी जुना मार्कलिनचा ढीग आहे. माल एक नंबर, वजनदार, पण एक गोष्ट समजून घ्या. मार्कलिनचं एचओ हे तीन संपर्कांचं आहे. रुळाच्या मधोमध बारीक खिळ्यांसारखी टोकं असतात, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यावरून घासत जाते आणि परतीचा करंट दोन्ही रुळांतून जातो. चाकं एकमेकांपासून इन्सुलेट केलेली नसतात, म्हणून ते इंजिन किंवा डबा बाखमनच्या किंवा कुणाच्याही दोन-रुळी ट्रॅकवर ठेवला की सरळ शॉर्ट. म्हणजे मार्कलिन घेतलं की आयुष्यभर मार्कलिन. पुण्यात बसून एक जादा वळण हवं झालं तरी जर्मनीकडे तोंड करायचं.

जर्मनीतूनच घ्यायचं असेल तर दोन-रुळी घ्या. ट्रिक्स हा मार्कलिनचाच ब्रँड आहे, एन मध्ये मिनिट्रिक्स. स्वस्तात पिको, त्यांचे स्टार्टर सेट सुरुवातीला पुष्कळ झाले. फायदा असा की इथलं सगळं २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणजे भारतासारखंच. दोन पिनांचा युरोप्लग आपल्या सॉकेटात जातो पण ढिला बसतो, ठिणग्या मारतो, चांगला अडॉप्टर किंवा पिन बदलून घ्या. उलट अमेरिकेत तो सेट वर्षभर चालवायचा तर परत १२० चा प्रश्न, तेव्हा इथेही लेबल वाचाच.

वहिनी येणार असतील तर दुकानात टॅक्स फ्रीचा फॉर्म मागायला सांगा, ५० युरोच्या वर बिल असेल तर १९ टक्के व्हॅटमधला बराचसा परत मिळतो. युरोपातून निघताना शेवटच्या एअरपोर्टवर कस्टम्सचा शिक्का घ्यायचा, तोही सामान चेक-इन करण्याआधी, कारण वस्तू दाखवा म्हणतात. आणि हातातून सामान नेलं तर अमेरिकेत शिरताना प्रवाशाची ८०० डॉलरची सूट आहेच, बंद झाली ती पार्सलची.

बोगदा_नंबर_२५:
बाप रे, एवढी माहिती! मार्कलिन बाद. एन कडे कल झुकतोय. डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल म्हणतात ते सुरुवातीलाच घ्यावं का? आणि भारतीय इंजिनाचं कुणी बोललंच नाही.

ओव्हरहेड_वायर:
आधी कळस मग पाया नको. एका गाडीला साधा डीसी पुरे, नॉब फिरवला की वेग, स्विच उलटा केला की उलटी. दोन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवायची इच्छा झाली की डीसीसी. फक्त घेताना एवढं बघा की इंजिनात पुढे डीकोडर (डीसीसीचे हुकूम समजणारी चिप) बसवता येतो. "डीसीसी रेडी" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आत डीकोडर नाही, जागा आहे, यात नवे लोक हमखास फसतात.

पुढे करायचंच झालं तर तुम्ही सॉफ्टवेअरवाले दिसता, डीसीसी-ईएक्स बघा. ओपन सोर्स आहे, आर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर मोटर शील्ड, मोबाइलवरून इंजिन चालवता येतं. तयार सिस्टिमच्या तुलनेत खर्च अगदीच कमी आणि पॉवरला तोच १२ ते १४ व्होल्टचा डीसी, म्हणजे देशाचा प्रश्न इथेही नाही. आर्डुइनोच्या मूळ मोटर शील्डच्या मागे व्हीइन कनेक्ट नावाची बारीक पट्टी असते ती ब्लेडने कापायची, नाहीतर रुळांचा सप्लाय खालच्या बोर्डात घुसतो. पट्टी तुटली का ते मीटरने बघूनच पॉवर द्या.

पटरी_बदल:
भारतीय इंजिनाचं मी सांगतो. एन मध्ये तयार भारतीय माल शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ ला भागलं तर १९ मिमीच्या वर येतं आणि १:१६० ला साडेदहा, पण चालवायचं १६.५ वर नाहीतर ९ वर, त्यामुळे आपली गाडी कायम थोडी अरुंद रुळावर उभी दिसते. भारतीय रेल्वेची मॉडेलं करणारे जगभरचे लोक हे डोळ्याआड करतात.

दुधाची तहान ताकावर भागवायची तर अमेरिकेतच राहताय त्याचा फायदा घ्या. बिहारच्या मढौऱ्यात बनणारी मालगाडीची डिझेल डब्ल्यूडीजी-४जी ही जीईच्या इव्होल्यूशन घराण्यातली, आणि काटोचं एन मधलं ईएस४४एसी त्याच घराण्यातलं. नाक वेगळं आहे, पण रंग काढून पोरीबरोबर नवीन रंग दिला तर घाटात शोभेल. एचओ घेतलं असतंत तर अमेरिकन अल्को कंपनीची इंजिनं होती, आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेलचे पूर्वज. अमेरिकन नकल कपलर (डबे जोडायचे आकडे) आपल्या हल्लीच्या सीबीसी कपलरच्या जवळ जातात हा आणखी एक बोनस.

माथेरानचं वेड असेल तर वेगळाच रस्ता. दोन फुटी गेज, ब्रिटिश ओओ-९ मध्ये इंजिन १:७६ चं आणि रूळ एनचाच ९ मिमी. म्हणजे आज घेतलेला युनिट्रॅक उद्या नेरळ-माथेरानलाही चालेल, फक्त खालचा स्लीपर जरा नाजूक दिसतो.

तपकीर_गल्ली:
पुण्यातून लिहितोय. कामाचं तेवढं सांगतो.

रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. काटोचे तसेच असतात. बाखमनमध्ये मात्र दोन जाती आहेत, करड्या पायाचा निकेल सिल्व्हर आणि काळ्या पायाचा स्टील. स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा काळा येतो. इथल्या जुलै-ऑगस्टात स्टीलवर गंज चढतो आणि मग गाडी प्रत्येक जोडावर अडखळते. पॉलिश पेपर मारू नका, चरे पडून घाण आणखी बसते, मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा.

जेवढं लागणार ते येताना घेऊन या. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, वर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची भानगड, त्यामुळे हौशी दुकानातल्या किमती बघून घाम फुटतो. जादा टर्नआउट (सांधे), रूळ जोडायचे जादा जॉइनर, गाडी रुळावर चढवायला एक रीरेलर, हे सगळं आत्ताच. कायमचं परत येताय तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये घरच्या वापरलेल्या सामानाला सूट असते, नियम बदलत राहतात म्हणून निघायच्या सुमारास कस्टम्सच्या साइटवर बघा. बिलं ठेवा. इंजिन मूळ डबीतच पॅक करून हातातल्या बॅगेत.

अडॉप्टर इथे तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. तुमच्या कंट्रोलरला १२ व्होल्ट डीसी लागत असेल तर सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट २ अँपिअरवाला मागा, बीआयएसचा शिक्का बघून. एनचं इंजिन अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही, उगाच १० अँपिअरचा एलईडीवाला सप्लाय लावू नका, गाडी घसरून शॉर्ट झाली तर तो बंद न पडता करंट ढकलत राहतो आणि चाकं, प्लास्टिक वितळतं.

आणि आल्या आल्या लेकीला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवा, १९९८ पासून आहे, भाऊ जोशींनी उभं केलेलं. तिथून बाहेर पडल्यावर तुमचं बजेट वाढेल एवढं गृहीत धरा.

बोगदा_नंबर_२५:
सगळ्यांचे आभार. ठरलं असं: काटो एन, ईएस४४एसी आणि मालगाडीचे डबे, ओव्हल आणि दोन टर्नआउट इथूनच, पॅक लेबल बघून. १००-२४० वाला मिळाला नाही तर इथला इथेच विकून टाकीन आणि अडॉप्टर पुण्यात. शेवटची शंका, कंट्रोलर तोच ठेवून नुसता अडॉप्टर बदलला तर बाकी काय जुळावं लागतं?

ओव्हरहेड_वायर:
चार गोष्टी. आउटपुट व्होल्ट तेवढेच, कमी-जास्त नको. एसी का डीसी तेही सारखंच हवं, काही कंट्रोलर एसी मागतात. अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त. आणि जॅकची पिन: बहुतेक ठिकाणी ५.५ बाय २.१ मिमी असते, पण आत प्लस का बाहेर प्लस ते लेबलवरच्या गोल चिन्हात बघायचं. थेट रुळांना उलटं जोडलं असतं तर गाडी नुसती मागे गेली असती, इथे मधे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे, तो मरतो. जुन्या अडॉप्टरच्या लेबलचा फोटो आत्ताच काढून ठेवा म्हणजे विकला तरी माहिती राहील.

तपकीर_गल्ली:
आणि तो फोटो दुकानदाराला दाखवा, तो मीटर लावून समोर दाखवतो. कंटाळा करायला लागला तर शेजारच्या दुकानात जा.