आजोबांचा यशिका: पार्ट ओरिजिनल आहेत का?

मालवणचो_झील: घरी माळ्यावर आजोबांचा यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडलाय, मध्ये कोणीतरी रिपेअर केल्यासारखा वाटतो. पार्ट मूळचेच आहेत की बदललेत हे न खोलता कसं कळणार? विकायचा नाहीये, वापरायचाय.

रत्नाग्रीकर: अरे वा, जपून ठेव! आधी लेन्सची रिंग वाच, कलर-यशिनॉन डीएक्स, १:१.७, ४५ मिमी असंच पाहिजे. मग टॉर्च धरून स्क्रूच्या खाचा बघ, कडा खरवडल्या असतील तर नक्की कोणीतरी उघडलाय, लेदर कोपऱ्यात उचललेलं असलं तरी तोच संशय. आणि फिल्मचा लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो का ऐक, नाही आला तर आतला रबरी पॅड गेलाय, या मॉडेलचं ते जुनंच दुखणं.

देवगड_हापूस: मागच्या झाकणाचा फोम नवा दिसला तर वाईट वाटून घेऊ नको, तो चिकट होऊन गळतोच, बदललेलाच बरा. मूळची ५.६ व्होल्टची मर्क्युरी बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची ॲडाप्टर लावून चालते. आणि आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का बघ, नसतील तर लगेच सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेव.