युनियनची पावती कधी फाडली होती का? अनुभव सांगा

सातपूरकर (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली. त्यातली नऊ युनियनच्या कमिटीवर. गेल्या वर्षी रिटायर झालो. कंपनीचं नाव घेत नाही, आमची काही सगळ्यात वाईट नव्हती.

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की परमनंटला युनियनतर्फे भेटवस्तू असते. माझ्या शेवटच्या वर्षी पाच लिटरचा कुकर होता. माझ्या मशीनवर एक कंत्राटी पोरगा होता, चार वर्षं झालेली. मशीन त्यानं धुतली, झेंडूचा हार त्यानं आणला, नारळ मी फोडला. कुकरचं खोकं घेऊन परत आलो तर म्हणतो, "काका, शिट्टी इथंच बघून घ्या. मागच्या मिक्सरचं झाकण बसत नव्हतं." तो मिक्सर त्यानंच दुरुस्त करून आणला होता.

आता खरी गोष्ट. त्याच्या आधीच्या करारात आम्ही साडेतीन वर्षांसाठी घसघशीत वाढ घेतली. मॅनेजमेंटची अट एकच, नव्या लाइनवर परमनंट भरतीचा आग्रह धरायचा नाही. ती करारात कुठंही लिहिलेली नाही, चहा पिताना ठरली. मी त्या खोलीत होतो. मान हलवली. संध्याकाळी गेटवर फटाके वाजले, आम्ही गुलाल उधळला. तेव्हा परमनंट १८० होतो, कंत्राटी आणि ट्रेनी मिळून सातशेच्या वर.

म्हणून हा धागा. युनियनमुळे तुमचं काय झालं, काय झालं नाही, नसल्यामुळे काय झालं, मोकळेपणानं लिहा. शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त अनुभव स्वतःचा हवा.

लालबागची लेक

काका, बाबा मुंबईच्या कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, मी चौथीत. आई खानावळ चालवायची, बावीस गडी जेवायला. मिरगाच्या आधी चार उरले, बाकीचे सातारा-कोकणात पेरणीला गेले. आईच्या उधारीच्या वहीत त्यांची नावं शेवटपर्यंत होती. ती खोडायची नाही आणि मागायचीही नाही.

संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्या मागे अडीच लाख माणूस होता. पण १९४६ च्या बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं गिरणीमालकांशी बोलायचा अधिकार दुसऱ्याच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. आमच्या चाळीत त्या संघाची पावती आनंदानं फाडणारा मला तरी आठवत नाही. संप मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. तो विरत गेला.

बाबा पुढे भिवंडीत पॉवरलूमवर लागले. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. काम तेच, कापडही जवळजवळ तेच. गिरणीत कँटीन होतं, भरपगारी रजा होती. भिवंडीत हात धुवायला साबण नव्हता. बाबा पगाराचं कधी बोलले नाहीत, साबणाचं मात्र दर रविवारी बोलायचे. तुम्ही नव्या लाइनचं लिहिलंत तेव्हा मला तो साबण आठवला. काम कुठं जात नाही हो, ते फक्त युनियन नसलेल्या जागी जातं.

तुर्भ्याचा पोर

वडील माथाडी, पाटण तालुक्यातले. आधी मसजिद बंदर, मग बाजार हलला तसे नवी मुंबईत. शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे. मानेखाली जो घट्टा होता त्यावर आम्ही लहानपणी बोट दाबून बघायचो. त्यांना कळायचंच नाही.

एक सांगतो, कारण ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. हमालाला एक मालक नाही. सकाळी कांद्याच्या व्यापाऱ्याकडे, दुपारी लसणाच्या. कामगार कायदे सगळे 'मालक कोण' इथून सुरू होतात, मग याचं काय करणार? अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना एकत्र करून लढा दिला आणि १९६९ चा माथाडी कायदा आला, त्यात वाट काढली ती अशी. व्यापारी मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी बोर्डात भरणार. बोर्ड टोळीला पगार करणार आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मालक किती का बदलेना, हजेरी बोर्डाकडे. मी शिकलो तो त्या लेव्हीवर. आज ॲपवाल्या पोरांसाठी जे शोधतायत ते आमच्या बापांनी पाठीवरच्या ओझ्यासाठी कधीच करून दाखवलंय.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कुणीतरी लिहीलच. माथाडीच्या नावानं गोदामाच्या गेटवर उभं राहून 'वाराई (माल उतरवायचे पैसे) द्या नाहीतर गाडी खाली होणार नाही' म्हणणारे आहेत. त्यांच्या पाठीला घट्टा नसतो. त्यांनी आमच्या नावाची माती केली.

आणि आताची भिवंडीची मोठी गोदामं बघा. पोरं स्कॅनर घेऊन फिरतात, माल उचलतातच, पण हमाल म्हणायचं नाही, असोसिएट म्हणायचं. असोसिएटला बोर्ड नाही.

लघुउद्योजक, भोसरी

मी पलीकडच्या बाजूचा. प्रेसशॉप, म्हणजे मशीननं पत्रा दाबून भाग काढायचं वर्कशॉप, अठ्ठावीस माणसं. २००६ साली युनियन आली. नेता बाहेरचा, प्रेसशॉप कधी आतून पाहिलेलं नाही, पहिल्या बैठकीत मला 'भांडवलदार' म्हणाला. माझ्यावर तेव्हा बँकेचं कर्ज आणि एक सेकंडहँड मारुती. सहा महिन्यांत दोन ऑर्डरी गेल्या.

पण एक कबूल करतो. त्यांच्या मागणीपत्रात पगारवाढीच्याही आधी, पहिल्या नंबरवर, प्रेसला दोन हातांचं बटण होतं. म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली यायचा नाही. मी ते खर्चाचं म्हणून तीन वर्षं टाळलं होतं. त्यानंतर माझ्याकडे एकाचंही बोट गेलं नाही. त्याआधी दोघांची गेली होती.

कोथरूडची

माझा अनुभव जरा लाजिरवाणा आहे. आमच्या सोसायटीतल्या कामवाल्या मावशी मोलकरणींच्या संघटनेच्या सभासद झाल्या आणि एके दिवशी सगळ्यांनी मिळून सांगितलं, महिन्यातून चार सुट्ट्या, रविवारी येणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नुसता कल्लोळ. मीही लिहिलं होतं, 'रविवारीच तर पाहुणे येतात.' मावशी माझ्याकडे अकरा वर्षं होत्या. त्यांचा रविवार कसा असतो हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन महिने भांडी मी घासली. मग सवय झाली.

इतिहासवेडा

@कोथरूडची: तुमच्याआमच्या रविवारचा मालक नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. गिरणीमालकांनाही तेव्हा अडचणच वाटली असणार. पाहुण्यांची नसेल, एवढंच.

बेंचवरची

आयटी, हिंजवडी, चौदा वर्षांचा अनुभव. आमच्याकडे युनियन म्हटलं की लोक हसायचे. मीही त्यातलीच. 'आपण काय कामगार आहोत का?'

एका मंगळवारी दुपारी तीन वाजता मीटिंगचं आमंत्रण आलं, विषय रिकामा. खोलीचं नाव गोदावरी. आत एचआरच्या दोघी, टेबलावर टिश्यूचा डबा आणि पाण्याची सीलबंद बाटली. म्हणाल्या, राजीनाम्याचा मेल इथंच टाइप करा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल. नाही केला तर 'परफॉर्मन्स' लिहावं लागेल. आदल्या वर्षीचं माझं रेटिंग त्यांच्यासमोरच्या स्क्रीनवर होतं, चांगलं होतं. मी टाइप करायला बसले. हात थरथरत होते म्हणून तीनदा स्पेलिंग चुकलं. त्यातली एक माझ्यामागे उभी राहून दुरुस्त करत होती.

नवऱ्याच्या मित्रानं आयटीवाल्यांच्या एका संघटनेतल्या माणसाचा नंबर दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या हाताखाली माणसं होती का? रजा मंजूर करायचात का?" कारण तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती आणि सगळी लढाई तिथंच अडायची. डेझिग्नेशन मॅनेजरचं, काम दिवसभर कोड लिहायचं, तर मी कोण? चौदा वर्षांत पहिल्यांदाच मला कामगार असण्याची गरज पडली आणि ते सिद्ध करायला कागद नव्हता. अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'लीड' लिहिलं म्हणून आम्ही पेढे वाटले होते.

कामगार आयुक्तालयात दोन तारखा झाल्या. तिसरीच्या आधी कंपनीनं तीन महिन्यांचा पगार देऊन मिटवलं. नोकरी गेलीच. त्याच महिन्यात त्याच खोलीतून गेलेले आणखी वीसेक जण मला पुढं भेटले. त्यांना एक रुपयाही मिळाला नव्हता, कारण ते कुणाला काही बोललेच नव्हते. लाज वाटते हो. लिंक्डइनवर 'नव्या संधीच्या शोधात' लिहायचं आणि गप्प बसायचं.

सेविका ताई

मी अंगणवाडी सेविका, जिल्हा सांगत नाही. आम्हाला पगार नाही, 'मानधन' आहे. शब्द केवढा गोड! मुलांना आहार, वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, सगळं कर्मचाऱ्यासारखं. पैसे द्यायच्या वेळी आम्ही स्वयंसेविका.

२०२१ मध्ये सरकारनं दिलेले मोबाइल आम्ही परत केले. जुने, तापायचे, ॲप उघडायचं नाही, त्यात भाषा इंग्रजी. रांगेनं जाऊन ऑफिसच्या टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले, पावती देता येणार नाही. आमच्या संघटनेच्या बाई म्हणाल्या, मग आम्हीही टेबलावरून उठत नाही. पावती मिळाली.

पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून संप. मुंबईला आझाद मैदानात गेले तेव्हा घरी सासूबाई म्हणाल्या, "हिला आता पुढारीण व्हायचंय." परत आले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ग्रॅच्युइटीचं काय झालं? एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलेलं त्यांना माहीत होतं. माझ्याआधी पेपर त्या वाचतात.

श्टुटगार्टवासी

इथं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्यायला मला वर्ष लागलं. युनियन म्हणजे आयजी मेटाल, ती सगळ्या उद्योगासाठी पगाराचा करार करते. पस्तीस तासांचा आठवडा त्यांनीच मिळवला. आणि कंपनीच्या आतली कामगार परिषद वेगळी. पाच माणसांच्या जागीही ती निवडता येते, सभासद असा नाहीतर नसा. ओव्हरटाइम लावायचा तर मॅनेजरला आधी तिला विचारावं लागतं. मी पुण्याच्या सवयीनं शनिवारी लॉगिन केलं तर सोमवारी परिषदेच्या बाईंनी बोलावलं. मला वाटलं शाबासकी. त्यांनी विचारलं, "तुझं काम कमी वेळात होत नाही, की तुझा मॅनेजर जास्त देतो?"

पण सगळं गोड नाही. एजन्सीकडून घेतलेले कामगार इथंही आहेत, आणि मंदी आली की आधी ते जातात. सातपूरकर, तुमचा तो पोरगा इथंही आहे.

लॉगिन बंद

डिलिव्हरी करतो, पुणे. आमचं गेट म्हणजे क्लाउड किचनची गल्ली, तिथंच सगळे भेटतात. गेल्या पावसात दर कमी केले तेव्हा ग्रुपवर ठरलं की रात्री आठ ते दहा सगळ्यांनी लॉगआउट. पहिल्या दिवशी ॲपनं काय केलं माहितेय? जे चालू होते त्यांना दुप्पट बोनस. साडेआठला अर्धे परत लॉगिन. मीसुद्धा. बाइकचा हप्ता होता.

दोन दिवसांनी ज्यानं ग्रुप काढला होता त्याची आयडी ब्लॉक. कुणाकडे जायचं? साहेब नाही, ऑफिस नाही, चॅटवर एक बॉट आहे, तो 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हणतो. राजस्थाननं २०२३ मध्ये आमच्यासाठी कायदा केला म्हणतात. तुर्भ्याचा पोर, तुमची लेव्ही आम्हाला चालेल राव. ऑर्डरमागे कापा, पण बोर्डात टाका.

सातपूरकर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. बेंचवरची ताई, ती लाज आमच्या पोरांनाही वाटते. 'कंत्राटी आहे' हे ते सोयरिकीत सांगत नाहीत.

बरेच जण व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारतायत म्हणून नव्या कायद्याचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के जिच्याकडे, ती एकटी वाटाघाटी करणार. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यात मान्यतेला ३० टक्के होते. संपाला १४ दिवसांची नोटीस. कामगारकपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३००. ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेला द्यायचे, हे चांगलं आहे, हातात पडेल तेव्हा.

माझं लक्ष 'हजेरीपट' या शब्दावर आहे. सातशे पोरं कंपनीच्या हजेरीपटावर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. म्हणजे ५१ टक्के मोजायचे ते त्या १८० मधले. आमच्या कमिटीला हे सोयीचंच पडेल, आणि तीच भीती आहे.

टोकन नंबर ४७

काका मी नाशिकच्याच अंबडला आहे, तुमच्या कंपनीत नाही. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी बदलतो, नाव नवीन, पत्ता तोच, सुपरवायझर तोच. आम्ही साठ जण आहोत. परमनंटच्या युनियनकडे गेलो तर म्हणाले, युनियनच्या घटनेत बसत नाही. मग पावती कुणाकडे फाडायची?

सातपूरकर

त्यांच्याही घटनेत 'कायम कामगार' असं कलम असणार. आमच्यातलं २००९ मध्ये मीच सुचवलं होतं. ते काढायला सर्वसाधारण सभा लागते. आमच्याकडे मी विषय मांडायला सांगतो, रिटायर माणसाचं कोण ऐकतं ते बघू.

तोवर तू कागद जमव. गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो. ठेकेदार बदलला तरी जुन्या स्लिपा फेकायच्या नाहीत. फंडाचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) लावून पासबुक उतरवून घे, त्यात कुठल्या महिन्यात कुणी भरले ते दिसतं. ओव्हरटाइम कंपनीचा माणूस लिहीत असेल तर त्या रजिस्टरचा फोटो सोन्यासारखा. साठजणांची यादी एकाच्याच फोनमध्ये ठेवू नका. रविवारी सकाळी दहाला ये, दोघातिघांना घेऊन. पत्ता व्यनि करतो.

टोकन नंबर ४७

काका रविवारी आम्हाला फर्स्ट शिफ्ट आहे. दर रविवारी असते. सोमवारी रात्री चालेल का?

सातपूरकर

चालेल. जेवायलाच या.