ब्रेक पाइपचा रिकॉल: गाडी सेकंडहँड असेल तर?

मंडळी, मदत हवी आहे.

चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड स्कूटर घेतली. पाच वर्षं जुनी, वॉरंटी केव्हाच संपलेली. परवा आधीच्या मालकांचा फोन आला, "अहो, कंपनीचं पत्र माझ्याकडे आलंय. गाडी आता तुमची, तुम्ही बघा." पत्रात लिहिलंय की हँडल वळवताना पुढच्या डिस्क ब्रेकचा रबरी पाइप घासतो, ऑइल गळून ब्रेक निकामी होऊ शकतो, म्हणून गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्यात, म्हणजे रिकॉल.

टॉर्च घेऊन बसलो. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की पाइप एका क्लिपच्या कडेवर चेपतो. बाकी सगळा पाइप धुळकट, तिथे मात्र नखाएवढा भाग चकचकीत. बोट फिरवलं, कोरडं होतं. ब्रेक नेहमीसारखा लागतोय, निदान मला तरी तसं वाटतं.

सर्व्हिस सेंटरला फोनवर चासी नंबर सांगितला तर म्हणाले, "तुमची गाडी यादीत नाही." कंपनीच्या साइटवर टाकला तर 'क्रमांक चुकीचा आहे'. आता काय करू? आणि दुसऱ्या मालकाला हे काम फुकट करून देतात का?

प्रतिसाद १
नंबर १७ अक्षरी आहे ना? त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. तुम्ही कुठे ओ टाकलाय का बघा.

धागाकर्ता
टाकला होता. :( आणि फोनवरही 'ओ'च म्हणालो होतो, काउंटरवाल्याला उगाच मनातल्या मनात शिव्या घातल्या. शून्य टाकल्याबरोबर आलं: 'रिकॉल प्रलंबित'.

प्रतिसाद २
दुचाकीचंच काम करतो म्हणून लिहितोय. रिकॉल माणसाच्या नावावर नसतो, चासी नंबरावर असतो. ज्या नंबरांच्या टप्प्यात तो सदोष भाग बसला, तेवढ्याच गाड्या बोलावतात. म्हणून शेजारच्याची तीच गाडी, तोच रंग, तरी त्याला पत्र नाही असं होतं. मालक बदलला, वॉरंटी संपली, याने सहसा फरक पडत नाही. सुरक्षेच्या रिकॉलचं काम फुकटच करून देतात.

चकचकीत भाग म्हणजे घासणं सुरू झालंय. वर टेप गुंडाळू नका, आतली चीर झाकली जाईल. पुढच्या ब्रेकचा लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर तसाच धरा. हळूहळू हँडलकडे सरकत गेला तर गाडी जागची हलवू नका. ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा पाइपाखालच्या भागावर रंग फुगलाय का तेही पाहा.

पाइप बदलताना बोल्टजवळचे तांब्याचे वॉशर नवे घालायला सांगा. ऑइल नवंच हवं, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच ग्रेडचं. हे ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ४ घेतलं तर कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. पाइपात अडकलेली हवा नीट काढली नाही तर लिव्हर स्पंजासारखा लागेल, तशी गाडी ताब्यात घेऊ नका.

आणि जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या कागदावर, रिकॉलचा कोड लिहून घ्या. नुसतं 'ब्रेक चेक' लिहिलं तर काम होऊनही नोंद उघडीच राहते. हे मी फार वेळा पाहिलंय.

प्रतिसाद ३
कंपनीकडे स्वतःचं नाव-पत्ता नोंदवून टाका, नाहीतर पुढचं पत्रही त्यांच्याचकडे जाईल.

धागाकर्ता
नोंदवला. लिव्हर सरकला नाही. पण रात्री क्लिपखाली पांढरा कागद ठेवला होता, सकाळी त्यावर मोहरीएवढा ओला डाग. पाइप आठवड्याने येईल म्हणतात. तोवर गाडी आणून ठेवा असंही म्हणतात. हळूहळू, मागचाच ब्रेक वापरत नेली तर?

प्रतिसाद २
नाही. डाग पडला म्हणजे गळतंय. कागदाचा फोटो त्यांना पाठवा आणि गाडी उचलून न्या म्हणा.