फोल्डिंग सायकलच्या मागे बाळाचा ट्रेलर लावलाय का कोणी?

लेकुरवाळी:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे २० इंची चाकाची फोल्डिंग आहे, मधोमध बिजागरीवाली, मागे शिमानो नेक्सस हब गिअर, म्हणजे गिअर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यातच. नणंदेने तिच्याकडचा ट्रेलर दिलाय, तिचा मुलगा शाळेत जायला लागल्यापासून तो नुसता पडून होता. आमची लेक दीड वर्षाची आहे, हेल्मेट घालून व्यवस्थित बसते. पण ट्रेलरसोबत आलेला हिच (ट्रेलर सायकलला जोडायचा पत्र्याचा तुकडा) मोठ्या सायकलसाठीचा वाटतो, शिवाय चाक लहान म्हणजे ट्रेलर पुढे झुकणार ना? आणि हिच लावून ठेवला तर सायकल फोल्ड होईल का, ट्रेनमध्ये न्यायची असते अधूनमधून. कोणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज, लेकीचा प्रश्न आहे.

पानावाला:
ताई, आधी सायकलचं मॅन्युअल काढा. काही फोल्डिंगवाले ट्रेलर लावू नका असं सरळ लिहितात, तसं असेल तर विषय तिथेच संपला, कारण ओढण्याचा सगळा जोर शेवटी बिजागरीपर्यंत जातो.
परवानगी असेल तर खरं काम मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांडीवर आहे, चाकाच्या मापाचं एवढं टेन्शन घेऊ नका. हिच डाव्या बाजूला लागतो. हब गिअरला फ्रेमच्या खाचेत अडकणारा एक जिभेचा वॉशर असतो, तो ॲक्सलला फिरू देत नाही, तो काढून त्याच्या जागी हिच बसवायचा नाही, कितीही घट्ट बसला तरी. आधी तो वॉशर, त्यावर हिच, मग नट. आता हिचच्या पत्र्याच्या जाडीमुळे नटला आटे कमी मिळतात, तेच बघायचंय. टोपीवाला नट असेल तर आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून हिच नसताना नट किती फेरे फिरतो आणि हिच लावल्यावर किती ते मोजा, खूप फरक पडला तर तसा लावू नका. नटच्याच जागी बसणारे हिच मिळतात ते घ्या, फक्त आटे जुळवून, ३/८ इंच आणि १० मिमी दिसायला सारखेच पण एकाचा नट दुसऱ्यावर जात नाही, जबरदस्ती केली तर ॲक्सलचे आटे जातात. नेक्ससचा नट ३० ते ४५ न्यूटन मीटरला आवळतात, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल तर दुकानात करून घ्या.

चाकंदोन:
वरच्याला पूर्ण अनुमोदन. फोल्डचं सांगतो, मधल्या बिजागरीच्या बऱ्याच सायकलींत पुढचं चाक मागच्याच्या डाव्या अंगाला येऊन बसतं आणि ॲक्सलजवळचं चुंबक धरून ठेवतं, हिच नेमका तिथेच. म्हणून हिच हलका बसवून एकदा हळूच फोल्ड करून बघा, स्पोकना किंवा चुंबकाला लागतोय का. लागत असेल तर थोडा फिरवून बघा, तरी लागलाच तर सरळ विचार करा की ट्रेलरच्या दिवशी फोल्ड नाही. दर वेळी ॲक्सलचा नट काढ-घाल करणं मला पटत नाही, हब गिअरची केबल परत सेट करत बसावं लागतं ते वेगळंच. साइड स्टँड मागच्या नळीवर डावीकडे असेल तर तोही आड येतो.

लेकुरवाळी:
खूप खूप आभार दोघांचे! मॅन्युअलमध्ये मनाई नाहीये, पण सायकलस्वार आणि सामान मिळून १०५ किलो लिहिलंय. ट्रेलरचं वजन त्यात धरायचं का? आणि झुकण्याचं काय?

घाटातली:
धरायचं. ट्रेलरचा भार त्याच्या चाकांवर असला तरी ब्रेक लावताना तो सायकलला मागून ढकलतो, बहुतेक ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो. दोन मुलांचा रिकामा ट्रेलरच साधारण १२-१५ किलोचा असतो, त्यात लेक, तिची बॅग, पाणी, बेरीज करून बघा.
झुकतो थोडा. २० इंची चाकाचा ॲक्सल जमिनीपासून साधारण २५ सेंमीवर, मोठ्या सायकलचा ३३-३५ वर, तेवढंच ट्रेलरचं नाक खाली. लेकीला बसवून बाजूने बघा, पाठ सीटला टेकतेय का की बेल्टवर लटकतेय. लटकत असेल तर ट्रेलरच्या जोडणीच्या दांड्याची उंची ॲडजस्ट होते का बघा, काही ट्रेलरना होते. दांड्याचा सुरक्षेचा पट्टा फ्रेमच्या खालच्या मागच्या नळीभोवती घ्याच, हिच निसटला तर तोच धरतो.
आणि लेकीआधी तिच्या वजनाइतके पाण्याचे भरलेले कॅन बांधून रिकाम्या मैदानात फिरा. जोर डावीकडून येतो, म्हणून वळणात ब्रेक दाबलात तर मागचं चाक बाजूला ढकलल्यासारखं होतं, ओल्या रस्त्यावर जास्तच. वेग वळणाआधी सरळ असतानाच कमी करा. झेंडा लावा, ट्रेलर गाड्यांच्या बोनेटपेक्षा बुटका असतो, ड्रायव्हरला दिसत नाही.

पानावाला:
आणि पहिल्या फेरीनंतर तो नट परत एकदा आवळून बघा, नवीन हिच बसला की थोडा सैल होतो.